जकात, रोजा, हज : मराठीतून शिकवताना निसटणारी 'कुवत'

सारांश : मुस्लिम बालकांना जकात, रोजा व हज या तीन धर्मकर्तव्यांची ओळख मराठीतून करून देताना 'दान', 'उपवास' व 'तीर्थयात्रा' हे पर्यायी शब्द सर्रास योजले जातात. या पर्यायांमुळे परिचय सुलभ होतो. परंतु तिन्ही संकल्पनांचा समान गाभा असलेली 'कुवत' आणि तिच्यापाठोपाठ येणारी 'सूट' मात्र निसटते. प्रस्तुत लेखात मुफ्ती किफायतुल्लाह यांचे 'तालीमुल इस्लाम' हे उर्दू बालपाठ्य, प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा आणि मराठी वृत्तपत्रांतील 'पहिल्या रोजा'च्या बातम्या यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. अध्यापनासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या जीवनातील काही उदाहरणेही सुचविली आहेत.

बीजसंज्ञा : जकात, रोजा, हज, निसाब, कुवत, बालवाङ्मय, मराठी भाषा, यवतमाळ.

१. प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी. ए. प्रथम वर्षाच्या वर्गात शिवकालीन महसुलाविषयीचा एक उतारा शिकवीत असताना घडलेला प्रसंग हे या लेखाचे निमित्त आहे. उताऱ्यात 'जकात' हा शब्द आला. एका मुस्लिम विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमच्याकडे रमजानमध्ये अब्बा जकात काढतात, ती आणि ही एकच का?" उत्तर देण्यापूर्वीच मागच्या बाकावरून दुसरा विद्यार्थी, तोही मुस्लिमच, हलक्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे काढत नाहीत, येते." वर्गात थोडे हसू उमटले आणि तो मान खाली घालून बसला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात मिळते. दुसऱ्या विद्यार्थ्याने मान का खाली घातली, याचे उत्तर मात्र त्याला लहानपणी काय आणि कोणत्या शब्दांत शिकविले गेले यात शोधावे लागते. हे दोघेही मराठी माध्यमात शिकलेले. घरची बोली वऱ्हाडी वळणाची उर्दू. बालपणी दोघेही मशिदीतील मकतबात जात. तेथे त्यांनी अरबी अक्षरओळख आणि कुरआनचे नाजरा पठण, म्हणजे अर्थाशिवायचे वाचन, पूर्ण केले. उर्दू लिपी मात्र त्यांना सहजतेने वाचता येत नाही. पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी, दारव्हा अशा गावांतील मराठी माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या अनेक मुस्लिम मुलांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. धर्माचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा मराठीतून, आणि मराठीने त्यासाठी हाताशी ठेवलेल्या तयार शब्दांतून. म्हणून हा प्रश्न जितका धर्मशिक्षणाचा आहे, तितकाच मराठी भाषेच्या अध्यापकाचाही आहे.

इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी शहादत आणि नमाज यांच्या बाबतीत श्रीमंत-गरीब हा भेद संभवत नाही. उरलेली तीन कर्तव्ये मात्र कुवतीशी बांधलेली आहेत. जकात धनाच्या कुवतीशी, रोजा शरीराच्या कुवतीशी आणि हज या दोन्हींशी. ज्याच्याजवळ ती कुवत नाही, त्याच्यावर ते कर्तव्यच नाही. कर्तव्य नसल्यामुळे न केल्याचा दोषही नाही. बालक तर या तिन्ही बाबतींत सूट असलेला आहे. ही सूट शिकवणीच्या शेवटी जोडावयाची तळटीप नसून शिकवणीचा आरंभबिंदू आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. शब्दांचा प्रश्न : दान, उपवास, तीर्थयात्रा

अरबी-फारसी शब्द मराठीने शतकानुशतके पचविले आहेत. माधवराव पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) चाळला तरी त्याची व्याप्ती लक्षात येते. परंतु शब्द पचविताना भाषा त्याचा अर्थही बदलते. 'जकात' हे त्याचे ठळक उदाहरण होय. मूळ अरबी शब्दात शुद्धी आणि वृद्धी असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी राज्यकारभारात मात्र तो मालाच्या ने-आणीवरील कराला चिकटला आणि पुढे नाक्यावरच्या वसुलीचे नाव झाला. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संपुष्टात आली. पण 'जकात नाका' हे स्थळनाम अजूनही लोकांच्या तोंडी आहे. 'खैरात' या शब्दाची गत याहून वाईट. मूळचा अर्थ सत्कृत्य; मराठीत मात्र 'सवलतींची खैरात' म्हणताना आपण उधळपट्टीचा आणि काहीशा तुच्छतेचा सूर लावतो. याउलट 'नियत' हा शब्द मराठीने जवळजवळ मूळ अर्थानेच जपला. नियत साफ असणे हा वाक्प्रयोग खेड्यातील माणूसही करतो. तिन्ही कर्तव्यांच्या मुळाशी नियत आहे हे लक्षात घेता, मराठीतून शिकविणाऱ्याच्या हाती हा एक नेमका शब्द आधीच उपलब्ध आहे.

'जकात' या शब्दाला चिकटलेल्या करवाचक अर्थामुळे लेखक 'दान' या शब्दाकडे वळतात. दान ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असलेली, त्याचे पुण्य वाढविणारी कृती. जकात ही हिशेबाने ठरणारी देय रक्कम आहे. हनफी परंपरेनुसार साडेसात तोळे (सुमारे ८७.५ ग्रॅम) सोने किंवा साडेबावन्न तोळे (सुमारे ६१२ ग्रॅम) चांदी ही 'निसाब' म्हणजे किमान मर्यादा. गरजा व कर्ज वजा जाता तितकी संपत्ती चांद्र वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, काढावयाचा. एक लाख रुपयांवर अडीच हजार. कुरआनच्या सूरह जारियातमध्ये (आयत १९) संपन्नांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक्क' असल्याचे म्हटले आहे. देणारा उपकार करीत नाही. दुसऱ्याचे जे आपल्याकडे आले आहे ते पोहोचते करतो. मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला 'दान' ऐवजी 'हक्क' या शब्दात जकात शिकविली गेली असती, तर त्याची मान कदाचित खाली गेली नसती.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अगत्याचे आहे. 'दान' या शब्दाचा अर्थ मराठीत गोठलेला आहे काय? शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे ज्यांचे दीर्घ वास्तव्य होते त्या विनोबांनीच त्याला वेगळे वळण दिले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे सुरू झालेल्या भूदान चळवळीत त्यांनी दानाचा अर्थ 'संविभाग', म्हणजे सम्यक् वाटणी, असा लावला आणि भूमिहीनाचा वाटा हा त्याचा हक्क म्हणून मागितला. अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केलेल्या आणि पुढे 'कुराण-सार' हे संकलन सिद्ध करणाऱ्या विनोबांना या दोन विचारांतील जवळीक जाणवली नसेल असे वाटत नाही. तथापि विनोबांचा अर्थ व्यवहारातील मराठीत रुजला नाही. 'दान' म्हटल्यावर बालकाच्या डोळ्यांसमोर संविभाग येत नाही, पसरलेला हात येतो. म्हणून 'दान' हा शब्द वर्ज्य नसला तरी तो एकटा पुरेसा नाही.

'रोजा'साठी 'उपवास' आणि 'हज'साठी 'तीर्थयात्रा' यांचेही असेच आहे. आपल्याकडील उपवास बहुधा वाराचा, तिथीचा वा नवसाचा. काय चालते आणि काय चालत नाही यावर त्याची व्याख्या ठरते. साबुदाण्याची उसळ चालते, भात चालत नाही. रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही वर्ज्य, आणि त्यानंतर सारे वैध अन्न खुले. त्याहून महत्त्वाचा भेद असा की, कोणी रोजा ठेवू नये हे सूरह बकराच्या १८४ व १८५ या आयतांत सांगितलेले आहे. आजारी व प्रवासी यांनी तो नंतर पुरा करावा. ज्यांना तो झेपतच नाही त्यांनी एका गरिबाला जेवू घालावे. तीर्थयात्राही आपल्याकडे कुवतीची अट घालत नाही. उलट पंढरीची वारी पायी, दरवर्षी आणि निर्धनानेही करावी यातच तिचे मोठेपण आहे. हज आयुष्यात एकदाच, आणि सूरह आले इम्रान (आयत ९७) नुसार ज्याला तेथवर जाण्याची ऐपत आहे त्याच्यावरच. डोक्यावर कर्ज असताना, घरच्यांच्या पोटाची व्यवस्था न लावता ते कर्तव्य ठरत नाही. वारी आणि हज यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा येथे हेतू नाही. एकाचे मर्म दुसऱ्याच्या नावाने सांगता येत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

तिन्ही पर्यायी शब्दांत नेमकी एकच गोष्ट गळते, आणि ती म्हणजे माप. कोणावर, किती, केव्हा, आणि कोणावर नाही.

३. 'तालीमुल इस्लाम' : नियमांची स्पष्टता

हे माप उर्दू बालपाठ्यांत मात्र आढळते. मुफ्ती किफायतुल्लाह देहलवी (मृत्यू १९५२) यांचे चार भागांतील 'तालीमुल इस्लाम' हे पुस्तक देशभरातील अनेक मकतबांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. त्याची रचना प्रश्नोत्तरांची. भाषा सोपी, वाक्ये लहान, पांडित्याचे प्रदर्शन नाही. कोणतेही कर्तव्य सांगताना ते कोणावर फर्ज आहे व त्याच्या अटी कोणत्या, हे वेगळे करून सांगितले जाते. त्यामुळे सज्ञान नसलेल्यावर कर्तव्य नाही, ही गोष्ट बालकाला पुस्तकातूनच कळते. हे या परंपरेचे मोठे बलस्थान होय.

मर्यादा दोन संभवतात. पहिली भाषेची. उर्दू न वाचणाऱ्या मुलाला हे पुस्तक उस्तादांच्या तोंडूनच भेटते आणि पाठ केलेली उत्तरे अर्थाविना स्मरणात राहतात. दुसरी मर्यादा प्रश्नोत्तर पद्धतीची. तिच्यात नियम आहे, पण ज्याच्यावर तो लागू व्हावयाचा त्याचे घर नाही. निसाबाची व्याख्या मुलगा घडाघडा म्हणतो. आपली आई कोणाच्या घरी भांडी घासते, रमजानच्या अखेरीस त्या घरून येणारे पैसे कसले, हे त्या उत्तरात कोठेच येत नाही. नियम पाठ झाला तरी तो आपल्याविषयीही काही बोलतो, हे मुलाला उमगत नाही.

शिवाय नियमही सर्वत्र एकसारखा नाही. विदर्भातील मुस्लिम बहुतांशी हनफी, तर कोकणातील प्रामुख्याने शाफई. अल्पवयीनाच्या स्वतःच्या संपत्तीवर हनफी मतानुसार जकात नाही. शाफई मतानुसार पालकाने ती त्या संपत्तीतून काढावयाची असते. मराठीतून लिहिणाऱ्याने 'इस्लाममध्ये असे आहे' असे सरसकट विधान करण्यापूर्वी हे भान ठेवणे आवश्यक आहे.

४. 'ईदगाह' : आधी भूक, मग त्याग

नियमात नसलेले घर प्रेमचंदांच्या 'ईदगाह' (१९३३) या कथेत भेटते. ही कथा हिंदीच्या अभ्यासक्रमांतून अनेक पिढ्यांनी वाचली आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या 'अंतरा' या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही ती आहे. रमजानचे तीस रोजे संपून ईद आली आहे. आईबाप नसलेला चार-पाच वर्षांचा हामिद गावातील मुलांबरोबर ईदगाहला निघतो. त्याच्या खिशात तीन पैसे आहेत. सोबत्यांजवळ बारा, पंधरा. सोबती मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद तव्यावर हात भाजणाऱ्या आजीसाठी, अमीनासाठी, लोखंडी चिमटा घेतो.

ही कथा वर्गात बहुधा 'त्याग' या मूल्याखाली शिकविली जाते आणि तेथेच तिचे अर्धे वाचन संपते. दोन तपशिलांकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिला तपशील अमीनाच्या हिशेबाचा. शिवणकामाचे मिळालेले आठ आणे तिने ईदसाठी जपून ठेवलेले असतात. त्यांतील मोठा भाग दुधाच्या देण्यात जातो आणि दोन आणे उरतात. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने आठ पैसे : तीन हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. एवढ्या ऐपतीत तिला धोबीण, न्हावीण, मेहतराणी, कासारीण या सर्वांना सणाच्या शेवया द्यावयाच्या आहेत. म्हणजे नियमाने जिच्यावर काहीही देय नाही अशी स्त्रीही देणारी आहे. प्रेमचंदांनी जकात वा फित्र्याचा उल्लेख केलेला नाही, परंतु घेणारे आणि देणारे अशी माणसांची कायमची विभागणी होत नाही, हे त्यांनी एका बटव्यातून दाखविले आहे.

दुसरा तपशील शेवटचा आणि अधिक महत्त्वाचा. चिमटा पाहून अमीना प्रथम सद्गदित होत नाही. ती छाती पिटते. दुपार झाली, पोराने काही खाल्ले नाही, प्यायले नाही, आणि आणले काय तर चिमटा, असा तिचा पहिला उद्गार आहे. तिला आधी भूक दिसते, त्याग नंतर. हामिदने कारण सांगितल्यावरच तिचा राग मायेत बदलतो, आणि म्हातारी लहान मुलीसारखी रडू लागते. हा क्रम प्रेमचंदांनी जाणीवपूर्वक ठेवला आहे असे म्हणण्यास आधार आहे, कारण तो उलटा असता तर कथा केवळ बोधकथा झाली असती. मुलाच्या उपाशी पोटाची चिंता करणारे कोणीतरी प्रथम असावे लागते. तेव्हाच त्याच्या त्यागाचे कौतुक करण्याचा अधिकार प्राप्त होतो. बालकांच्या धर्मशिक्षणासाठी याहून नेमकी कसोटी या लेखकाला अन्यत्र आढळलेली नाही.

५. 'पहिल्या रोजा'ची बातमी

ही कसोटी मराठी वृत्तपत्रांतील एका परिचित मजकुराला लावून पाहावी. रमजानमध्ये जिल्हा आवृत्त्यांतून पाच-सहा वर्षांच्या बालकाने पहिला रोजा ठेवल्याच्या बातम्या छायाचित्रासह प्रसिद्ध होतात. घरोघरी त्या कापून ठेवल्या जातात. या बातम्यांमागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. मुस्लिम कुटुंबातील आनंदाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळते, शेजारी अभिनंदन करतात, ही गोष्ट सामाजिकदृष्ट्या मोलाची आहे. दख्खनी व वऱ्हाडी मुस्लिमांत 'रोजाकुशाई'चा समारंभही जुना आहे. नवे कपडे, हार, आप्तेष्टांसमवेत इफ्तार यांमुळे तो दिवस मुलाच्या कायम स्मरणात राहतो.

आक्षेप आहे तो निवेदनाच्या वळणावर. बातमीत भर असतो तो उन्हाच्या तीव्रतेवर, तासांच्या संख्येवर आणि बालकाच्या सहनशक्तीवर. २०१८ व २०१९ साली रमजान मे महिन्यात आला होता. विदर्भातील मे महिना म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. अशा उन्हात चिमुकल्याने पाण्याचा थेंबही घेतला नाही, ही ओळ कौतुकाने लिहिली जाते. त्याच्यावर रोजा कर्तव्यच नव्हता, ही ओळ क्वचितच येते. वाचणारा मुस्लिमेतर वाचक असा समज करून घेतो की हा धर्म पाच वर्षांच्या मुलालाही सोडत नाही. वाचणारा मुस्लिम बालक असा समज करून घेतो की आपण रोजा ठेवला नाही म्हणजे आपण कमी पडलो. दोन्ही समज चुकीचे, आणि दोहोंचे कारण एकच : सूट सांगितलीच गेली नाही. अमीनाचा पहिला उद्गार गाळून केवळ दुसरा छापावा, तसे हे झाले आहे.

परंपरेत बालकाच्या सरावाला जागा नाही असे मात्र नव्हे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत रुबय्यिअ बिन्त मुअव्विज या स्त्रीचे निवेदन आहे. आशूराच्या रोजाच्या दिवशी स्त्रिया आपल्या मुलांनाही रोजा ठेवावयास लावीत. मूल भुकेने रडू लागले की त्याला लोकरीचे खेळणे देत व सूर्यास्तापर्यंत रमवीत. हे निवेदन बालरोजाच्या समर्थनार्थ पुढे केले जाते. पण त्यातील खेळणे विसरता कामा नये. मूल रडते आहे हे आईला दिसते आणि ती हातातले काम टाकून त्याच्यासाठी खेळणे शोधते. येथेही भूक आधी दिसलेली आहे.

६. यवतमाळच्या मातीतील उदाहरणे

माप शिकवावयाचे तर ते मुलाच्या परिसरातील वस्तूंनी शिकवावे लागते. यवतमाळ हा कापसाचा आणि मुख्यतः कोरडवाहू शेतीचा जिल्हा. शेतमालावरील 'उश्र' या देयाचा नियम फिकहमध्ये असा आहे की, पावसावर पिकलेल्या मालाचा दहावा भाग आणि खर्च करून ओलित केलेल्या मालाचा विसावा भाग. भारतातील जमिनींना हा नियम कितपत लागू होतो याविषयी उलेमांत मतभेद आहेत. पण शिकवणीसाठी त्यातील तर्क अत्यंत उपयुक्त आहे. वीस क्विंटल कापूस कोरडवाहू रानात झाला तर दोन क्विंटल, विहिरीवर मोटार बसवून झाला तर एक क्विंटल. मोटारीचा आणि विजेचा खर्च ज्याने केला त्याच्याकडून कमी घ्यावयाचे. हे गणित चौथीतल्या शेतकऱ्याच्या मुलाला क्षणात कळते, आणि त्यासोबत हेही कळते की नियम माणसाचे कष्ट मोजतो.

दुसरे उदाहरण कर्जाचे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतेत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. निर्धन, गरजू, बंधनात असलेले, वाटसरू यांच्यासमवेत त्यांत 'कर्जात बुडालेला' हाही आहे. ज्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे दारुण सत्र पाहिले, ज्याचा समावेश पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी जुलै २००६ मध्ये जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या ३,७५० कोटी रुपयांच्या साहाय्य योजनेत होता, त्या जिल्ह्यातील मुलाला 'कर्जात बुडालेला' म्हणजे कोण हे समजावून सांगावे लागत नाही. काल निसाबाचा धनी असलेला शेतकरी एका नापिकीने आज हक्कदारांच्या यादीत येतो. हे ज्याला कळले, तो 'आमच्याकडे येते' असे म्हणताना मान खाली घालणार नाही, आणि 'आमच्याकडे काढतात' असे म्हणताना ती ताठही करणार नाही.

फित्र्याचे उदाहरण तर बालकाच्या सर्वांत जवळचे. ईदच्या नमाजापूर्वी द्यावयाचा हा शिधा हनफी पद्धतीत माणशी साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत इतका असतो आणि ऐपतदार पालकाने तो पाळण्यातील बाळाच्या वतीनेही द्यावयाचा असतो. घरातील मुलाला तराजू धरू द्यावा, आपल्या नावाचा गहू आपणच मोजू द्यावा. एका मापट्यात व्याख्येपेक्षा अधिक शिक्षण होईल.

हजच्या बाबतीत अंतर मोठे आहे. बहुतेक मुलांना तो नागपूरच्या विमानतळावर आजोबांना निरोप देण्यापुरता भेटतो. पण त्यातील एक विधी यवतमाळच्या मुलाला आपला वाटेल. सफा आणि मरवा या टेकड्यांमधील सात फेऱ्या हे हाजरा या मातेच्या धावपळीचे स्मरण आहे. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधीत ती धावली. उन्हाळ्यात हंडा घेऊन आईला टँकरकडे धावताना ज्याने पाहिले आहे, त्याला या विधीचा अर्थ परका नाही. हजला निघण्यापूर्वी देणी फेडावी लागतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन 'कहासुना माफ' करून घ्यावे लागते. बालकाने हजच्या वाटेवरचे हे पहिले पाऊल प्रत्यक्ष पाहिलेले असते. तेथूनच धडा सुरू करता येतो. आजोबांना जाता आले नाही तर? ऐपत नसेल तर ते मागितलेलेच नाही, हे वाक्य त्याच धड्यात असावयास हवे. २०२० व २०२१ मध्ये महामारीमुळे भारतातून कोणालाही हजला जाता आले नाही. तेव्हा ऐपतदारांनीही हाच धडा गिरविला.

७. कोणी आणि कोठे शिकवावे

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा, मग ती उर्दू माध्यमाची का असेना, रोजा ठेवावयास शिकवू शकत नाही आणि तिने शिकवूही नये. ते काम घराचे व मकतबाचे. मात्र धर्मांविषयीची माहिती देणे हे धार्मिक शिक्षणाहून भिन्न आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय प्रकरणात (२००२) मान्य केली. ही माहिती शाळेला आवश्यकही आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आला, तेव्हा दहावीच्या परीक्षा चालू होत्या. वर्गातील कोणत्या मुलावर रोजा आहे आणि कोणावर नाही, आजारी मुलाने तो सोडला तर त्यात दोष नाही, हे शिक्षकाला ठाऊक असेल तर तो चौथीतल्या चक्कर आलेल्या मुलाला संकोच न करता पाणी देईल.

येथे मराठी साहित्यविश्वाचे उत्तरदायित्व येते. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' मराठी वाचकापुढे ठेवली. १९९० मध्ये सोलापूर येथे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि मराठी ही आपली भाषा असल्याचे मुस्लिम लेखकांनी ठामपणे मांडले. या सर्व प्रयत्नांचा वाचक प्रौढ आहे. मराठी वाचणाऱ्या मुस्लिम बालकासाठी, त्याच्या घराची आणि गावाची चित्रे असलेले, मूळ संज्ञा न टाळता त्यांचे माप सांगणारे बालवाङ्मय हे या परंपरेचे पुढचे पाऊल ठरावे.

८. निष्कर्ष

१) जकात, रोजा व हज या मूळ संज्ञा मराठीत तशाच ठेवाव्यात, 'दान', 'उपवास', 'तीर्थयात्रा' हे शब्द तुलनेसाठी वापरावेत, पर्याय म्हणून नव्हेत.

२) 'नियत', 'हक्क' व 'कुवत' हे मराठीत रुळलेले शब्द या तिन्ही संकल्पनांच्या अध्यापनाचा पाया होऊ शकतात.

३) प्रत्येक कर्तव्य शिकविताना ते कोणावर नाही हे प्रथम सांगावे. यामुळे निर्धन, आजारी व अल्पवयीन मुलाचा आत्मसन्मान राखला जातो.

४) नियमग्रंथांची स्पष्टता आणि कथेतील जीवनदर्शन यांचा मेळ घालणारे मराठी बालवाङ्मय निर्माण होणे गरजेचे आहे.

५) पहिल्या रोजाच्या बातम्यांत बालकावर रोजा बंधनकारक नसल्याचा उल्लेख असावा.

त्या तासाला प्रस्तुत लेखकाने वर्गाला कराची जकात आणि धर्माची जकात यांतील फरक सांगितला आणि उतारा पुढे नेला. मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला उत्तर दिले नाही. जकात ज्याच्याकडे येते तो तिचा हक्कदार असतो, एवढे एक वाक्य पुरेसे होते. ते त्या दिवशी सुचले नाही. म्हणून हा लेख.